कोरड्या बरणीतली भाकरी

मी एक जुनी, काचेची बरणी आहे. माझ्या काठाचा एक टवका उडालेला आहे आणि पोटावरच्या कागदावर ‘कोरडी’ असं लिहिलेलं आहे. मित्रांनो, त्या एका शब्दापायी एका गुणी मुलीला काय काय ऐकावं लागलं, तेच आज सांगते.

ग्वातेमालाच्या राजधानीत, भट्टीच्या आगीत माझा जन्म झाला. आधी माझ्यात आंबवलेल्या मिरच्या होत्या. त्या संपल्यावर मी डोंगरातल्या, तळ्याकाठच्या एका गावी देवळात आले. तिथे वेदीपाशी माझ्यात फुलं असत. रविवारी म्हातारे पाद्रीबाबा मारिंबा या लाकडी पट्ट्यांच्या वाद्याच्या साथीवर धर्मबोध गाऊन सांगत. त्यांचा सूर लागला की माझ्यातलं पाणीसुद्धा थरथरायचं, खोटं नाही सांगत. असं भाग्य किती बरण्यांच्या वाट्याला येतं? पुढे एकदा झाडलोट करताना मी कलंडले, टवका उडाला आणि माझी रवानगी मेणबत्त्यांच्या खोक्यांमागे झाली. दोन वर्षं माझ्यावरची धूळही कुणी पुसली नाही.

मग चौथीच्या नोएमी बाई बरण्या शोधत आल्या. बुरशी कशाने वाढते, हे त्यांना मुलांना दाखवायचं होतं. एकाच तव्यावरच्या तीन मक्याच्या भाकऱ्या घेतल्या. एकीवर पाणी शिंपडून ती झाकणाच्या बरणीत, शाळेच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवली. दुसरी उन्हात कडक वाळवून माझ्यात घातली, तोंडाला पातळ फडकं बांधलं आणि मला त्याच फळीवर बसवलं. तिसरी ओलीच, पण गावातल्या दुकानात, सरबतांच्या थंड कपाटात गेली. शाळेत स्वयंपाक करणाऱ्या त्रान्सितो मावशी तेवढ्या कुरकुरल्या. देवाने दिलेला मका मुद्दाम नासवायचा, हे कुठलं शिक्षण, असं त्यांचं म्हणणं.

माझ्या नोंदींची वही वर्गातल्या एलुवियाकडे होती. रोज सकाळी ती टाचा उंचावून बघायची आणि दिसेल ते लिहायची. पंधरवड्याने पालकांसमोर तिला ते वाचून दाखवायचं होतं. तिची आई पहिल्यांदाच शाळेत तिचं बोलणं ऐकायला येणार होती.

चार दिवस माझी भाकरी स्वच्छ राहिली. शेजारच्या ओल्या बरणीत मात्र पांढरी लव उठली, मग हिरवे ठिपके; थंड कपाटातली अजून तशीच होती, असं मुलं सांगत. पाचव्या दिवशी एलुविया थबकली. तिने लिहिलं, ‘काचेला आतून पाण्याचे थेंब आहेत.’ आठव्या दिवशी माझीही भाकरी हिरवी झाली.

वर्गात एकच गलका झाला. ओल्या बरणीवाला विल्मर म्हणाला, “तूच थुंकली असशील आत. नाहीतर कोरडीला मिशा कशा फुटल्या?” बाकीचे खिदळले. मधल्या सुट्टीत तोच हळूच येऊन सांगून गेला की घरून दुसरी वाळकी भाकरी आण आणि बदलून टाक, कुणाला काय कळतंय. एलुविया खूप वेळ माझ्यापाशी उभी राहिली. तिचा हात फडक्याच्या गाठीवर होता. खरं काय ते मला ठाऊक होतं, मित्रांनो, पण बरणीने सांगावं कसं? मी देवाला हाक मारली. तिने हात मागे घेतला आणि वहीत लिहिलं, ‘माझी भाकरीही हिरवी झाली. का, ते मला माहीत नाही.’

पालकांच्या दिवशी तिने सगळं वाचलं, थेंबांसकट. थेंबांचं वाक्य ऐकताच मागून त्रान्सितो मावशी उठल्या. पदर नव्हता, म्हणून ॲप्रनचं टोक हातात पिळत होत्या.

“बाई, पोरीला बोल लावू नका. ते पाणी माझं. भाकरी इतकी वाळलेली बघवेना मला. वाळक्या भाकरीवर पाणी शिंपडायचं आणि मग शेकायची, हेच मी जन्मभर केलंय. चार दिवस कशीबशी थांबले, मग रोज सकाळी दोन-दोन थेंब दिले बिचारीला.”

सगळी खोली हसली, मावशीसुद्धा. नोएमी बाई हसल्या नाहीत. त्यांनी एलुवियाची वही वर धरली. जागा तीच, भाकरी तीच; पाणी नव्हतं तोवर स्वच्छ, पाणी आलं आणि बुरशी आली. ओल कोणत्या दिवशी शिरली, हे या एकाच वहीत आहे, असं त्या म्हणाल्या. विल्मरने मान खाली घालून थुंकण्याचं बोलणं मागे घेतलं. एलुवियाच्या आईने ती वही मागून घेतली आणि ओळींवरून बोट फिरवत राहिली.

खराब भाकऱ्या मुलांनी मक्याच्या मुळाशी पुरल्या. मला गरम पाण्याने धुतलं, उन्हात ठेवलं, आणि प्रयोग पुन्हा मांडला. या खेपेला मावशी रोज सकाळी येतात, दोन्ही हात पाठीमागे बांधून माझ्यासमोर उभ्या राहतात.

“कशी आहे गं ती?” त्या एलुवियाला विचारतात.

“कौलासारखी कडक, मावशी.”

“आणि तहान?”

“लागली असेल. पण सोसतेय.”

आज बारावा दिवस आहे. माझी भाकरी स्वच्छ आहे आणि मी सुखात आहे. मित्रांनो, जुन्या बरण्या फेकू नका, धुऊन पुसून जवळ ठेवा. आणि वहीत लिहाल ते डोळ्यांना दिसेल तेच लिहा, मग ते मनासारखं नसलं तरी चालेल. तुमची बरणी तुमच्या बाजूने बोलू शकत नाही. तुमची वही बोलते.