बटणांना हात लावू नकोस

वकीलबाई मजकूर बोलून पाठवायच्या, आई तो ऐकून टाइप करायची. संध्याकाळपर्यंत कागद हवे होते आणि आईचा जुना कॉम्प्युटर सकाळपासून मुका झाला होता. वेळेत झालं नाही तर पुढचं काम दुसऱ्या कोणाला देऊ, असं बाईंनी फोनवर गोड आवाजात सांगून टाकलं होतं. टायपिंग गेलं तर आई दिवसभर करणार काय, या धास्तीने मी स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतला.

"नवा लॅपटॉप आणून देतो म्हणून किती डोकं फोडलं तुझ्यापुढे!"

"मला हाच बरा. तो डबा तेवढा बघ. बटणांना हात लावू नकोस," म्हणत ती आत जाऊन पडली.

डबा उघडला आणि आधी शिंकलोच. पंख्यावर धुळीची गादी बसली होती. पंखा, वायरी, मेमरीची पट्टी, सगळं सुटं करून झटकलं, पुन्हा बसवलं. पंखा फिरला, पडदा काळाच. वर पी-पी-पी असा आवाज, माझी टिंगल केल्यासारखा. पट्टी काढून खोडरबराने घासली, दाबून बसवली. पी-पी-पी. त्यात ताईचा फोन, "अरे, प्लग नीट बघितलास का?" मी फोन ठेवला. एक स्क्रू टेबलाखाली घरंगळला, तो शोधून उठताना डोकं आपटलं आणि मी त्या डब्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

शेवटी पट्टी शेजारच्या खाचेत लावून पाहिली. पडदा उजळला!

मग मला चेव आला. समोर तो मळकट कीबोर्ड. म्हटलं, आता यालाही चकाचक करतो. आधी फोटो काढला, मग बटणं उपसली. खालून केस निघाले, कागदाचे कपटे निघाले. काही बटणांवर लाल थेंब वाळून बसले होते. खाताना सांडते आणि वर मलाच शिकवते! नखाने निघेनात, तेव्हा ब्लेडने खरवडले, स्पिरिटने पुसले. सगळी बटणं फोटोत बघून जागच्या जागी बसवली.

"ये गं, बघ!"

आई बसली. बोटं बटणांवर ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली. मग एकेक बटण चाचपू लागली.

"टिंबं कुठं गेली?"

"अगं, घाण होती ती."

"नेलपॉलिश होतं. खुणेला लावलं होतं मी. पडद्यावरची अक्षरं मोठी करता येतात रे. बटणांवरची कुठं येतात?"

"म्हणजे तुला दिसत नाही? कधीपासून? सांगायचं नाही का?" मी ओरडलोच.

"सांगितलं असतं तर टायपिंग बंद केलं असतंत तुम्ही."

खरंच केलं असतं. त्याचाच जास्त राग आला मला.

तिने खणात चाचपून बाटली काढली, माझ्या हातात दिली. "तूच लाव आता."

"आधी कोणी लावली होती?"

"मीच. तेव्हा दिसत होतं."

ती सांगेल त्या बटणावर मी टिंब देत गेलो. टिंबं वाळेपर्यंत ती हात मांडीवर ठेवून बसली. तेवढ्यात वकीलबाईंचा फोन वाजला. मीच उचलला.

"होईल संध्याकाळपर्यंत," मी म्हटलं. "आई बसलीय टाइप करायला."