गुळानं तोललेली पोर

मित्रांनो, सेलूच्या कापूस बाजारात ज्याला सगळे ‘आश्रुबाचा काटा’ म्हणत, तो जुना तराजू मीच. आता गोदामाच्या कोपऱ्यात पडलो आहे. एक साखळी तुटली आहे आणि माझ्या पारड्यात कोंबडी अंडी घालते. हसू नका. एके काळी पारड्यावर चिमणी बसली तरी माझा काटा हलायचा. लोहारानं मला तसाच नेमका घडवला होता.

आश्रुबा मापाडी होता. गाडीमागून गाडी कापूस माझ्यावर तोलला जायचा आणि काटा स्थिरावेपर्यंत आश्रुबा दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहायचा. पारड्याला बोट लावणारा मापाडी त्याला चोरच वाटायचा. शेतकरी म्हणायचे, ‘आश्रुबा असंल तर पावती बगायची बी गरज न्हाई.’ हे ऐकून मी जरा जास्तच ताठ व्हायचो, हे कबूल करतो.

त्याची मुलगी कस्तुरा जन्मली तेव्हा अगदी मूठभर होती. तिची आई बायनाबाई नवस बोलून बसली की पोर जगली तर दर वाढदिवसाला तिला गुळानं तोलीन. पोर जगली, पण तिच्या वजनाएवढा गूळ आणायचा कुठून? मग गल्लीनंच तोड काढली. ज्यानं त्यानं आपल्या घरचा गुळाचा खडा आणायचा, पारड्यात टाकायचा आणि तोलून झालं की सगळा गूळ फोडून पुन्हा घरोघर वाटायचा. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, तिच्या वाढदिवसाला, हे सगळं व्हायचं. तेव्हा कापसाचा हंगाम नसायचा, म्हणून आश्रुबा मला घरी आणून अंगणातल्या कडुलिंबाला टांगायचा.

एका पारड्यात गोणपाट अंथरून कस्तुरा बसायची. तिला हसू आवरायचं नाही आणि माझा काटा काही केल्या थांबायचा नाही. तिची मैत्रीण केशर ओरडायची, “कस्तुरे, गप बस की! काटा नाचायलाय!” शेवटचा खडा टाकण्याचा मान केशरचा असायचा. दोन्ही पारडी सारखी झाली की सगळं अंगण टाळ्या वाजवायचं. दर वर्षी गूळ थोडा जास्त लागायचा आणि बायनाबाईच्या चेहऱ्यावर ते दिसायचं.

विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडा पेटला त्या वर्षी कस्तुरा आठ वर्षांची झाली. बाजार बंद होता. आश्रुबाबरोबर कापसाच्या गोण्या उचलणारा सिताराम बौद्धवाड्यात राहायचा. खेड्यावरचं त्याच्या भावाचं घर जळून आठ दिवसही झाले नव्हते. तरी तो मागच्या बोळातून आला. रुमालात गुळाचा खडा होता.

आश्रुबा म्हणाला, “आज कशाला आलास, सितारामा? रस्ता बरा न्हाई.”

“पोरीचा वाढदिवस काय दंगल बगून येतो का?”

त्याचा खडा पुढे येताच गल्लीतल्या दोघीजणी आपापले खडे घेऊन मागे सरकल्या. आश्रुबानं सितारामचा खडा सगळ्यांत आधी पारड्यात ठेवला आणि म्हणाला, “आता ज्याला टाकायचाय त्यानं ह्याच्यावर टाका.” थोडा वेळ गेला, मग त्या दोघीही पुढे आल्या. तोलून झाल्यावर आश्रुबा सितारामला घरापर्यंत पोचवून आला.

कस्तुराला अकरावं लागणार होतं, त्या वर्षी होळीपासून ती झिजत गेली. परभणीच्या डॉक्टरांनी काळजाचं दुखणं सांगितलं. मोठ्या शहरातल्या डॉक्टरांनी उशीर झाला म्हणून परत पाठवलं. श्रावण आला. यंदा तोलायचं की नाही, हे विचारायची कुणाची छाती होईना. कस्तुरानंच विचारलं, “आबा, काटा कवा टांगणार?”

मित्रांनो, मला खोटं बोलता येत नाही. ती किती उतरली हे सगळ्या अंगणासमोर मलाच सांगावं लागणार होतं. त्या पहाटे मी मनात म्हणत होतो, साखळी तुटू दे, दांडी वाकू दे. काहीही झालं नाही. माझ्या हातात काही नव्हतंच.

तेवढ्यात आश्रुबा एकटाच अंगणात आला. इकडेतिकडे पाहून त्यानं दोन किलोचं लोखंडी माप कस्तुराच्या पारड्यातल्या गोणपाटाखाली सरकवलं. जन्मात पारड्याला बोट न लावलेला माणूस! पुढे कितीतरी वेळ तो हात धोतराला पुसत उभा राहिला.

माणसं जमली. बायनाबाईनं पोरीला उचलून बसवलं. एकेक खडा पडू लागला आणि मी चपापलो. प्रत्येक खडा दरवर्षीपेक्षा लहान होता. सितारामचा, केशरचा, सगळ्यांचाच. पोरीचं पारडं वर लटकू नये म्हणून ज्यानं त्यानं कुणाला न सांगता गूळ कमी आणला होता. शेवटी सगळा गूळ संपला, तरी कस्तुराचं पारडं खालीच.

“लय भारी झाली की पोरगी!” केशर ओरडली. टाळ्या पडल्या. बायनाबाई किती दिवसांनी हसली.

कस्तुरानं गोणपाटाखाली हात घातला आणि ते माप बाहेर काढलं.

“आबा, ह्ये घ्या. रुतायलंय.”

आश्रुबानं मान खाली घालून माप घेतलं. कस्तुराचं पारडं वर आलं, गुळाचं खाली गेलं, आणि माझा काटा मधोमध थांबला. सगळ्यांनी मनातल्या मनात तिला आधीच तोललं होतं.

“एवढीच हाय मी,” कस्तुरा म्हणाली. “पण हाय की अजून. रडायलाव कशाला?”

मग ती एकेक खडा हातात घेऊन बोलू लागली. “ह्यो सिताराममामाचा. ह्यो केशरचा, तिनं वाटंत चाटलाय. मामा, दरसाल आलात, दंगलीतबी आलात. लय बरं वाटलं मला.” एकाही माणसाचं नाव तिनं सोडलं नाही. शेवटी थोडा गूळ तिनं माझ्या दांडीवर चोळला. “ह्यानंबी लय तोललं मला,” म्हणाली. तीन दिवस माझ्या अंगावर मुंग्या फिरत होत्या.

दसऱ्याला नवा कापूस बाजारात आला, तेव्हा कस्तुरा नव्हती. आश्रुबा हात पाठीमागे बांधून पुन्हा माझ्याजवळ उभा राहिला. आम्ही दोघांनी दिवसभर कापूस तोलला.

मित्रांनो, तुमच्या वाढदिवसाला कुणी घरचं काही घेऊन आलं, तर ते केवढं आहे हे पाहू नका. आणणाऱ्याचं नाव घ्या, त्याच्याशी दोन शब्द बोला, आणि तेव्हाच बोला. मलाही कस्तुराला काही सांगायचं होतं. ती माझ्याच पारड्यात बसली होती, आणि मला फक्त तोलता येत होतं.