आधीचा आजार : नाही

टिकारामनं प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढले आणि वकीलबाईंच्या टेबलावर एकेक करून पसरले. दुमडलेल्या कडा त्यानं अंगठ्यानं चेपून सरळ केल्या, मागावरचं कापड चाचपावं तसं. त्याची बायको चंद्रकांता शेजारच्या खुर्चीच्या अगदी टोकावर बसली होती. दोघं सकाळच्या एसटीनं आंधळगावहून भंडाऱ्याला आले होते. त्यांच्या धाकट्या लेकीला, हर्षाला, जाऊन साडेचार महिने झाले होते.

“पोट दुखते म्हणून नेलं जी,” टिकाराम म्हणाला. “डॉक्टर म्हणे अपेंडिक्स. संध्याकाळी ऑपरेशन केलं. तिसऱ्या दिवशी पोरीले दम लागला. मंग नागपूरले नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, अपेंडिक्स नव्हतंच. सिकलसेलचं दुखणं होतं, जन्मापासूनचा रक्ताचा आजार. रक्त न तपासता ऑपरेशन करालेच नाही पाहिजे होतं.”

वकील तेजस्विनी मॅडमनी नागपूरचा कागद दोनदा वाचला. मग पहिल्या दवाखान्याचा भरतीचा कागद ओढून घेतला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

“इथे लिहिलंय, आधीचा आजार, नाही. हे कोणाला विचारून लिहिलं?”

“मनानंच लिहिलं असन. आमाले कोणी काही विचारलंच नाही. हो ना वं?”

चंद्रकांतानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

“तुम्ही स्वतः तिथे होता?”

“मी सलाईन आनाले गेलो होतो. ही होती.”

मॅडमनी कागद गोळा करून त्याच्या हातात दिले. “या सगळ्यांच्या झेरॉक्स लागतील. कोपऱ्यावर दुकान आहे.”

टिकाराम उठला. दारात जाऊन परत वळला. “मॅडम, मले त्या डॉक्टरकडून काही नाही पाहिजे. आपल्या हातून झालं, एवढं कोणीतरी तोंडानं म्हटलं पाहिजे. बस.”

तो गेला. मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. चंद्रकांतानं तो उचलला नाही. आज तिचा सोमवारचा उपास होता. पण पाणी तिला चालत होतं.

“विचारलं होतं,” ती म्हणाली.

मॅडमनी पेन खाली ठेवलं.

“नर्सबाईनं विचारलं, पोरीले आधीचं काही आहे का. मी नाही म्हटलं.”

“आणि होतं?”

“शाळेत तपासणी झाली होती. कार्ड देल्लं होतं, सिकलसेलचं. मी देवघरात फोटोच्या मागं ठेवलं. मोठीचं, टीनाचं, लगन जमून राहिलं होतं तवा. एका पोरीले आहे म्हटल्यावर दुसरीले कोण नेते? आन् टीनाच्या बाबाले सांगतलं असतं, तर हे सरळ मानूस. व्याह्याच्या घरी जाऊन सांगून आले असते.”

“पण दवाखान्यात तरी, ताई…”

“टीनाची होणारी सासू आली होती, उषाबाई. हर्षाच्या उशाशीच उभी होती. नारळाचं पाणी घेऊन.” तिचा आवाज चढला नाही की चिरकला नाही. “मले वाटलं, नर्सबाई बाहेर भेटली की हळूच सांगू. तेवढ्यात हर्षाले ऑपरेशनले आत घेऊन गेले.”

बाहेर कोणीतरी मोटारसायकल सुरू करत होतं. ती होत नव्हती.

“तरीही त्यांनी रक्त तपासायला हवं होतं,” मॅडम म्हणाल्या. “आपल्या भागात हा आजार खूप आहे, इथे तर हवंच. केस उभी राहू शकते. पण समोरचा वकील पहिला प्रश्न तुम्हालाच विचारेल. शपथेवर. आणि तुमचे मिस्टर तिथेच बसलेले असतील.”

“विचारलंच नाही, असं म्हटलं तर?”

“मग ही केस मी घेणार नाही.”

मॅडमनी पेन परत उचललं.

“टीनाचं रक्त तपासलंय?”

“नाही जी. वैशाखात लगन आहे.”

“लग्नाआधी तपासा. तिचं आणि मुलाचं, दोघांचंही.”

टिकाराम आला. हातातले कागद अजून गरम होते. “पहिले पुसट काढले होते त्यानं. मी परत काढाले लावले,” तो म्हणाला. “सही कुठं करू, मॅडम?”

मॅडमनी चंद्रकांताकडे पाहिलं. मग त्या उठल्या. “मी चहा सांगून येते,” म्हणाल्या, आणि जाताना दार ओढून घेतलं.

टिकाराम उभ्या उभ्याच झेरॉक्सच्या कडा जुळवत होता. चंद्रकांतानं त्याची खुर्ची आपल्याजवळ ओढली.

“बसा,” ती म्हणाली. “ते कागद राहू द्या जरा.”