मीनबाबांची मासोळी

बोरी अरबच्या आठवडी बाजारात त्या दिवशी भाजीवाल्यांपुढे गिऱ्हाईक नव्हते. सारी गर्दी मीनबाबांच्या मांडवात लोटली होती. काचेच्या पेटीत पाच नारिंगी मासोळ्या पोहत होत्या आणि सहावी, सर्वांत मोठी, जांभळट होऊ लागली होती. बाबा ओरडून सांगत होते :

"पाहा मायबाई! मागच्या पंधरवड्यात हे मादी होती. अमावास्येले पुरा नर! मासोळीचं होते, तं पोटातल्या पोरीचं काहून नाई होनार? सकाळ-संध्याकाळ या पेटीतलं पेलाभर तीर्थ घ्या. खारं लागते, कारण सात समुद्राचं हाये!"

माझा पुतण्या गोविंदा याची बायको जया रांगेत उभी होती. सातवा महिना, आधीच्या दोन मुली. रक्तदाब वाढल्यामुळे डॉक्टरांनी तिला मीठ कमी करायला बजावले होते. तिच्या पायांवर सूज होती.

"जया, हे पाणी पिऊ नकोस."

"आत्याबाई घराभाईर काढतीन मले, काकाजी," सासूबाईंच्या धाकाने ती हळूच म्हणाली आणि पेला रिकामा केला.

बाबा दर आठवड्याला मासोळी बदलत असावेत, असा माझा तर्क होता. म्हणून मी दर बाजाराच्या दिवशी फोटो काढला. मोठ्या मासोळीच्या शेपटीला खाली एक चीर होती. तिसऱ्या आठवड्यात ती पूर्ण जांभळी झाली, चीर तीच. माझा तर्क चुकला होता.

मग पुस्तके पाहिली. पाठीवरच्या पराचा तिसरा काटा लांबलेला, डोळ्याखाली तिरपी रेघ : ही प्रवाळांत राहणारी मासोळी. शौकीन लोक तिला अँथियास म्हणतात. कळपात नर एखादाच. तो नाहीसा झाला की थोरली मादी काही आठवड्यांत नर होते. म्हणजे काढलेला नर कुठेतरी असणार. पुढच्या बाजारी मांडवात नीट पाहिले, तर पेटीच्या हवेच्या पंपाची दुसरी नळी मागच्या पडद्याखाली जात होती. तिच्या टोकाला बादली होती, बादलीत जुना नर, शेजारी समुद्री मिठाचे पोते.

मी बादली उचलून लोकांपुढे ठेवली.

"हा यांचा पहिला नर. याला काढला म्हणून मादी बदलली. हा त्या जातीचा निसर्ग आहे. आणि तीर्थाचा खारेपणा या पोत्यातला."

बाबा डगमगले नाहीत. "शिकलेले मानूस हा तुमी. एकच सांगा, मादीचा नर झाला का नाई?"

"झाला. परंतु माणसात..."

"ऐकलं का? साहेबबी म्हनते, झाला!"

जयघोषात माझे पुढचे वाक्य कोणालाच ऐकू गेले नाही. शोभावहिनी, जयाच्या सासूबाई, हसल्या. "भाऊजी, आता तं तुमीच साक्ष देली!"

आठव्या महिन्यात रक्तदाब चढून जयाला झटके आले. यवतमाळच्या दवाखान्यात जया वाचली. मुलगी वाचली नाही. वॉर्डाबाहेर वहिनी म्हणाल्या, "एक महिना अजून भेटला असता तं बदललं असतं." गोविंदानेही होकारार्थी मान हलवली.

मांडवात बुडालेले वाक्य येथे लिहितो. माणसाच्या बाळाचे लिंग गर्भधारणेच्या क्षणीच, पित्याच्या बीजावरून ठरते. पाण्याने, मंत्राने वा माशाने ते पुढे बदलत नाही. अर्धे खरे सांगणाऱ्याला उरलेले अर्धे विचारा.

बाबांचा मांडव आता बाभुळगावात आहे आणि रांग पूर्वीपेक्षा मोठी आहे. तुमच्या घरातली कोणी त्या रांगेत असेल, तर तिला आजच दवाखान्यात न्या.