एकही लाल नाही

कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीत एकेकटे राहणारे ज्येष्ठ बरेच. रोज सकाळी त्यांनी मोबाइलवर ‘मी ठीक आहे’ हे बटण दाबायचं आणि आठवडाभरात ज्याची नोंद शून्य, त्याचं नाव लाल व्हायचं, असं अ‍ॅप पुष्करने बनवलं. आज तळमजल्यावरच्या सोसायटीच्या ऑफिसात तो मला पहिला रिपोर्ट दाखवत होता.

“बघ सुरुची, एकही लाल नाही!”

मी रिपोर्टासाठी माहिती काढणारी त्याची क्वेरी वाचली आणि माझं डोकंच फिरलं. “अरे शहाण्या, रहिवाशांचं टेबल नोंदींच्या टेबलाला साध्या जॉइनने जोडलंयस. ज्याची एकही नोंद नाही, त्याचं नाव जोडतानाच गळतं. मग मोजणार कुणाला? तुझ्या रिपोर्टात शून्य कधी येणारच नाही.”

त्याला बाजूला सारून मी नोंद नसलेलं नावही यादीत राखणारा लेफ्ट जॉइन लिहिला आणि बटण दाबल्याच्या नोंदी तेवढ्या मोजल्या. एक नाव लाल झालं. शरच्चंद्र आपटे, पहिला मजला.

पुष्करने फोन लावला. वर रिंग वाजत राहिली. ती आम्हाला खाली ऐकू येत होती.

“दूधवाला, शेजारी, कुणीच कसं काही बोललं नाही?” तो पुटपुटला.

आम्ही धावत वर गेलो. दाराशी दुधाच्या पिशव्या फुगून पडल्या होत्या. दारावर आपट्यांच्या सुबक अक्षरातली पाटी होती: ‘बेल एकदाच वाजवावी. दार न उघडल्यास निमूटपणे परत जावे.’

सगळे निमूटपणे परत गेले होते.