बारा तपासण्यांची फाईल

मित्रांनो, कपाटाच्या डोक्यावर धुळीत पडून बोलते आहे, त्यामुळे माझा आवाज जरा बसका वाटेल. मी एक जुनी निळी फाईल आहे. पाठ पुठ्ठ्याची, पोटात प्लास्टिकचे दहा कप्पे आणि तोंड बंद ठेवायला एक रबरी पट्टा. तो पट्टा आता पार सैल पडला आहे.

एका लहानशा कारखान्यात माझा पुठ्ठा कापला, दाबला आणि कडेला भोके पाडून मला कप्पे जोडले. माझ्याबरोबरच्या फाइली शाळांत गेल्या, वकिलांकडे गेल्या. मी मात्र दुकानाच्या फळीवर दोन वर्षे पडून होते. मग एके दिवशी एक तरुण बाई आली. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचे तिचे काम. तिच्या नखांत बारीक पांढरी भुकटी असायची. तिने माझे सगळे कप्पे उघडून पाहिले, थोडी घासाघीस केली आणि मला पोटाशी धरून घरी नेले. त्या पोटात अडीच महिन्यांचे बाळ होते.

घरात माणसे दोनच, ती आणि तिचे सासरे. नवरा मालवाहू बोटीवर इंजिनाच्या कामाला, एकदा गेला की नऊ-नऊ महिने समुद्रावर. सासऱ्यांनी तीस वर्षे बस चालवली होती. चार वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या, तेव्हापासून त्यांचे बोलणे ‘चहा झाला का’ आणि ‘दार लावून घे’ एवढ्यावर आले होते. सुनेने बातमी सांगितली तेव्हा ते म्हणाले, “बरं झालं. जपून राहा,” आणि पुन्हा टीव्हीकडे वळले. बायकांच्या गोष्टींत आपण कशाला नाक खुपसा, असे त्यांना वाटे. त्यांना काही पडलेलेच नाही, असे तिला वाटे.

तिचे आधीचे एक बाळ चौथ्या महिन्यात गेले होते. म्हणून या खेपेला दरवेळी एकाच डॉक्टरीणबाईंनी तपासावे, असे तिने ठरवले आणि खासगी प्रसूतिगृहात नाव घातले. माझ्या पहिल्या कप्प्यात तिने एक आखीव कागद ठेवला. डावीकडे तारखा, उजवीकडे खर्च. बारा तपासण्या, चार सोनोग्राफ्या, रक्ताच्या चाचण्या, गोळ्या. तळाशी दोन ओळी होत्या. एक साध्या बाळंतपणाची, दुसरी सिझेरियनची. दुसरी रक्कम पहिलीच्या दुप्पट होती. तिच्यापुढे तिने पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढले होते.

मित्रांनो, प्रसूतिगृहातल्या त्या खुर्च्या मला अजून आठवतात. कुणाबरोबर आई, कुणाबरोबर बहीण, कुणाचा नवरा पाण्याची बाटली धरून उभा. तिच्या शेजारच्या खुर्चीवर मी. काउंटरवरच्या ताई विचारायच्या, “बरोबर कोण आलंय?”

“कुणी नाही. मी एकटीच.”

हे उत्तर मी आठ वेळा ऐकले. दर वेळी ते जरा हळू व्हायचे.

डॉक्टरीणबाई मात्र मला हातात घेऊन म्हणायच्या, “इतके नीट कागद ठेवणारी पेशंट क्वचितच भेटते हं.” तेव्हा मी फुगून जायचे. खरे तर ते कौतुक तिचे होते. पण घरी जाऊन ते सांगायला तिला तरी कोण होते?

सहाव्या महिन्यात नवऱ्याची बोट दूरच्या एका बंदरात अडकली. कंपनीचा काही वाद होता म्हणे. दोन महिने पगार आला नाही. एका रविवारी दुपारी ती मला घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसली. मग तिने लाल पेनाने नववी तपासणी खोडली. तिच्याबरोबरची सोनोग्राफीही खोडली. वाचलेली रक्कम तिने तळाशी, त्या प्रश्नचिन्हाशेजारी लिहिली. ऐन वेळी ऑपरेशन करावे लागले आणि हातात पैसे नसले तर काय, या धास्तीने तिला घेरले होते.

“हलतंय ना बाळ. मग झालं तर,” ती स्वतःशीच म्हणाली.

तिचे पाय सुजले होते. चपलेचा पट्टा लागत नव्हता. गेल्या तपासणीच्या कागदावर डॉक्टरीणबाईंनी ‘रक्तदाब थोडा जास्त, दोन आठवड्यांनी नक्की येणे’ असे लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. तो कागद माझ्याच पोटात होता. पण फाइलीला बोलता येत नाही. ती मंगळवारची तारीख आली आणि गेली.

गुरुवारी सासरे विजेचे बिल शोधत होते. त्यांनी मला उघडले. तारखांचा कागद त्यांनी वेळापत्रक वाचावे तसा वरून खाली वाचला. लाल रेघेशी त्यांचे बोट थांबले. मग त्यांनी डॉक्टरीणबाईंच्या दोन रेघाही पाहिल्या. सून कामावरून आली तेव्हा ते मला मांडीवर घेऊन दाराजवळच्या खुर्चीत बसले होते. टीव्ही बंद होता.

“मंगळवारी जायचं होतं तुला.”

“रजा नाही मिळाली, बाबा.”

“रजेचं नको सांगू. इथं खोडलंयस.”

ती भिंतीला टेकून उभी राहिली.

“चपला काढू नकोस,” ते म्हणाले. “आत्ताच जाऊ.”

“अहो, पण आजची वेळ घेतलेली नाही.”

“बसून राहू. मला बसायची सवय आहे.”

त्या दिवशी काउंटरवरच्या ताईंनी नेहमीचा प्रश्न विचारला. ती उत्तर द्यायच्या आत सासरे म्हणाले, “मी आलोय. सासरा.”

रक्तदाब भलताच चढला होता. डॉक्टरीणबाईंनी पट्टा सोडला, पुन्हा बांधला, पुन्हा मोजला. “आता घरी जायचं नाही,” त्या म्हणाल्या. “मंगळवारी का नाही आलात?”

तिने मान खाली घातली. सासरे म्हणाले, “चूक माझी आहे. एका घरात राहून मी कधी विचारलंच नाही.”

ती रडली ती तेव्हा. रक्तदाबाचे ऐकून नाही.

दाखल करण्याचे कागद भरताना सासऱ्यांनी दबकत पैशांचे विचारले. ताई म्हणाल्या, “सगळे एकदम कुठे भरायचेत? तीन हप्त्यांत चालतात. या कधी बोलल्याच नाहीत, नाहीतर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं.” विचारायची लाज वाटली, म्हणून तिने पाच महिने तो घोर एकटीने वाहिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिझेरियन झाले. मुलगी झाली, दिवस भरण्याच्या सात आठवडे आधी. तीन आठवडे ती काचेच्या पेटीत होती. सासरे रोज मला बगलेत मारून यायचे आणि काचेपलीकडून नातीशी बोलायचे. चार वर्षांत बोलले नसतील एवढे ते त्या दिवसांत बोलले. “आणखी दोन दिवस गेले असते, तर दोघींचंही काही सांगता आलं नसतं,” असे डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या.

पोर वाचली, वाढली. तिच्या लसींसाठी चित्रांची पिवळी फाईल आली आणि मी कपाटावर गेले. पुढे नवऱ्याला दूरच्या शहरात जमिनीवरची नोकरी मिळाली. तिघे तिकडे गेले. सुनेने परोपरीने विनवले, पण सासरे हलले नाहीत. “इथल्या पायऱ्या माझ्या पायांना पाठ आहेत,” म्हणाले.

आता माझ्या शेवटच्या कप्प्यात सासऱ्यांचे कागद आहेत. त्यांच्या हृदयाची तपासणी दर तीन महिन्यांनी करायची असते. पहिल्या दोन त्यांनी केल्या. पुढच्या दोन तारखा नुसत्याच गेल्या. रविवारी फोन येतो. सून विचारते, “बाबा, तब्येत कशी आहे?” ते म्हणतात, “ठणठणीत.” जिना चढून आल्यावर ते किती वेळ कठड्याला धरून उभे राहतात, ते फोनमध्ये दिसत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात अशी एखादी फाईल असेल. आईची असेल, आजोबांची असेल. तिच्यावरची धूळ पुसा, हे मी माझ्यासाठी सांगत नाही. ती उघडा आणि आतली तारीख वाचा. ज्याची असेल त्याला विचारा, ‘कधी जायचंय?’ आणि नुसते विचारून थांबू नका, बरोबर जा.

सासऱ्यांची पुढची तारीख बावीस आहे. आज एकोणीस.