पातळ रक्त

लवू परबाचं बूड काही बाकाला टेकत नव्हतं. परळच्या त्या इस्पितळात सकाळपासून तो तीनदा पाणी पिऊन आला, चारदा नंबर विचारून आला. शेजारी बसलेल्या बायकोच्या, कांताच्या, डाव्या पायाकडे बघायचं तेवढं मात्र टाळत होता. तो पाय कालपासून पुन्हा टम्म सुजला होता.

कांताला गर्भाशयाचा कॅन्सर. केमो चालू असतानाच महिन्यापूर्वी पायात रक्ताची गुठळी झाली. या आजारात असं होतं, डॉक्टर म्हणाल्या, पण गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतेल. रोज पोटात एक इंजेक्शन द्यायचं. ते कसं टोचायचं हे नर्सने लवूला शिकवलं, आणि जाता जाता म्हणाली, "याने रक्त पातळ होतं, काका." घोटाळा झाला तो इथे.

लवू पडला जन्माचा रंगारी. लालबागच्या निम्म्या चाळींवरून त्याचा ब्रश फिरलेला. थिनर जास्त झालं की रंग भिंतीला धरत नाही, ओघळून जातो, हे त्याला कोणी शिकवायला नको. इकडे कांताचं हिमोग्लोबिन जेमतेम आठ. बीट, मनुका, नाचणीची आंबील, काय काय करून हा बाबा तिचं रक्त वाढवायला बघतोय, आणि डॉक्टर म्हणतात पातळ करा! त्यात तिच्या पोटावर काळेनिळे डाग उठले. पायाची सूजही उतरली होती. मग शहाण्याने आपली अक्कल चालवली आणि कांताला सांगून टाकलं, "डॉक्टरान इंजेक्शन बंद करूक सांगितल्यान." त्याला आता दहा दिवस झाले होते.

नंबर लागला. डॉक्टर मृणालिनींनी सोनोग्राफीचा रिपोर्ट दोनदा वाचला.

"गुठळी वाढलीय. मांडीपर्यंत गेलीय. इंजेक्शन रोज चालू आहे ना?"

लवू हातातले कागद उलटसुलट करू लागला. कांताने एकदा त्याच्या तोंडाकडे बघितलं.

"रोज देतत," ती म्हणाली.

"मग हे औषध लागू पडत नाहीये. डोस वाढवावा लागेल, नाहीतर गुठळी वर जाऊ नये म्हणून पोटातल्या मोठ्या शिरेत जाळी बसवावी लागेल."

लवू खुर्चीतून उठला. बोलावं तर लाज जाणार, गप्प बसावं तर बायको. "खोटा सांगता ती!" तो जवळजवळ ओरडलाच. "मीच बंद केलंय. रक्त पातळ झाला तर अंगात टिकाचा नाय, असा वाटला माका."

डॉक्टरांनी रिपोर्ट खाली ठेवला. "काका, त्याने रक्त कमी होत नाही," त्या म्हणाल्या. "गोठायची घाई करतं, ती कमी होते. बरं झालं सांगितलंत." त्यांनी इंजेक्शन तिथेच दिलं आणि कांताला दाखल करून घेतलं.

बाहेर व्हीलचेअरची वाट बघताना लवू तिच्यावरच उखडला. "खोटा कित्याक बोललंस? जीव गेलो असतो तर?"

"कपाटात इंजेक्शनांची भरलेली पेटी बघलंय मी, तुमी बंद केलास त्याच हप्त्यात," कांता म्हणाली. "डॉक्टरान बंद केल्यान तर तुमी ती लपवन कित्याक ठेवलास? माका वाटला, तुमी कंटाळलास माका."

तेव्हापासून रोज ती हे मनात घेऊन त्याच्या शेजारी झोपत होती. चारचौघांत लवूला रडू कोसळलं.

"नाय गो," तो म्हणत राहिला, "तसा नाय गो."